यादीतलं दुसरं नाव

शिवांजलीनं आधी मशीनचा आवाज ऐकला आणि मगच उंबऱ्याबाहेर चप्पल काढली. आत घरघर चालू होती. म्हणजे आण्णा आहेत.

“आलीस व्हय?” आण्णा खाटेवरून म्हणाले. नाकात नळी, त्यामुळं आवाज बसका. “हाय बघ मी अजून.”

“काय बोलतासा हे,” त्यांची बायको आतून ओरडली. तिला सगळे आक्काच म्हणायचे. शिवांजलीनं मान खाली घातली आणि डबा उघडला. मुगाचं कढण, वर चमचाभर तूप.

आण्णा शहरातल्या एका क्लबात चाळीस वर्षं वेटर होते. शिवांजलीला तिथल्या भटारखान्यात त्यांनीच चिकटवलं होतं. त्यांची फुप्फुसं निकामी झाली तेव्हा क्लबच्या मदतनिधीतून ऑक्सिजनचं मशीन आलं. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात. कामगारांच्या घरांसाठी म्हणून, एकच. ते एका सेवाभावी संस्थेच्या ताब्यात दिलेलं. ज्याचं नाव आधी, त्याच्याकडं राहायचं. त्याची गरज संपली की पुढच्याकडं. पहिलं नाव आण्णांचं होतं. दुसरं सोमशेखरचं, शिवांजलीच्या नवऱ्याचं.

सोमशेखर चौतीस वर्षांचा. बारा वर्षं त्यानं फौंड्रीत वाळूचे साचे फोडले आणि ती वाळू छातीत जाऊन बसली. आता त्याला आडवंही होता येत नव्हतं. भिंतीला उशी लावून बसायचा. दोन वर्षांची रक्षिता ‘घे’ म्हणून हात वर करायची, तेव्हा तो तोंड फिरवायचा. डॉक्टरांनी शिवांजलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “मशीन लागलं तर वर्ष-दीड वर्ष निघेल. नाहीतर दिवाळीचंही सांगता येत नाही.”

संस्थेतल्या संयोगिताताई फार गोड बोलायच्या. “पुढचा नंबर तुमचाच आहे. मशीन मोकळं झालं की लगेच कळवते हं.” शिवांजली ‘बरं’ म्हणून निघाली. जिना उतरताना तिला कळलं, आपण कशाला बरं म्हणून आलो ते.

कढण ती पहिल्यापासूनच नेत होती, मायेनं. यादीत नाव लागल्यावरही नेत राहिली. पण नजर फिरली. ती आण्णांची नखं बघायला लागली. निळी दिसली की शुक्रवार पेठेतून घरी जाताना पाय हलके पडायचे. ते हलकेपण ध्यानात आलं की ती भर रस्त्यात थांबायची आणि स्वतःच्या दंडाला करकचून चिमटा घ्यायची. पोरीला थोपटताना देवाकडं काय मागावं हेच तिला कळेनासं झालं. एकासाठी मागितलं की दुसऱ्याच्या ताटातलं ओढल्यासारखं.

आण्णांनी वाटी बोटानं पुसून घेतली. “खरं सांगू का पोरी? औषधानं काय सुदीक होत न्हाय. तुझ्या कढणावर जगाय लागलोय मी.”

शिवांजली हसली. डबा न विसळताच तिनं पिशवीत घातला.

त्या रात्री तिनं मूग भिजत घातले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी क्लबातून सुटल्यावर ती वाट बदलून घरी आली. बरोबर काम करणाऱ्या बायडाबाईनं विचारलं, “आण्णा कसं हाईत गं?”

“बरं हाईत,” ती न बघताच म्हणाली. “माझ्याच घरात बघवंना झालंय, बाई.”

चौथ्या दिवशी दुपारी सोमशेखरचे ओठ काळे पडले. ती पदरानं वारा घालत होती. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. रिक्षावाला आणि आक्का, दोघांनी धरून मशीन आत आणलं आणि घरात मधोमध ठेवलं.

शिवांजलीला हुंदका फुटला. आण्णा गेले. आपण मूग भिजवले नाहीत आणि आण्णा गेले. ती आक्काच्या गळ्यात पडायला पुढं झाली, आणि तिथंच थांबली.

आक्काच्या कपाळावर कुंकू होतं. सकाळचं, ठसठशीत.

“आक्का... आण्णा?”

“हाईत की. उशीला टेकवून बसवून आल्ये.” आक्का वायरीचा गुंता सोडवत होती. तिनं मान वर केली नाही. “बायडाबाईकडनं कळलं त्यास्नी, तुझ्या घरातलं. सकाळी आपल्याच हातानं बटण बंद केलं. लई भांडले मी. म्हणालं, माझं बघून झालंय सगळं, त्या घरात अजून पोर रांगतंय.”

“ती चालती आता,” शिवांजली उगीचच म्हणाली.

“संस्थेत बोलू नगंस. कागद मागत बसतील.” आक्कानं पदर तोंडाला लावला आणि लगेच काढला. “चल, उरक. मला माघारी जायाचं हाय. एकटंच हाईत ते.”

सोमशेखर दोघींकडं आळीपाळीनं बघत होता. बोलण्यापुरता श्वास त्याच्यापाशी नव्हता. रक्षिता मशीनवर थापट्या मारत होती. रिक्षा अजून दारातच उभी होती, इंजिन चालू.

परत न्या, मला नको, एवढंच शिवांजलीला म्हणायचं होतं. ती ते म्हणणारच होती. तिनं डोळे पुसले, तोंड उघडलं.

“आक्का,” ती म्हणाली, “नळी कशी लावायची?”