चढावरची स्कूटर

ती काम करायची त्या गोदामाच्या रॅम्पवर माणसं दोनच होती: बॅटरीच्या स्कूटरवर बसलेला नवरा आणि मागून चालणारी ती, त्याची दुसरी बायको. पहिली वारून चार वर्षं झाली होती.

सपाटीवर स्कूटर भुरकन पळायची, चढावर मात्र मोटर कण्हायची. मेकॅनिक डोळे मिचकावत म्हणाला होता, “वहिनी, मशीन ठणठणीत आहे. चढावर दोघं बसत जाऊ नका, उलटेल.”

ती तर एकदाही बसली नव्हती.

आता नवरा पुढे झुकला, हँडल सरळ धरलं आणि हळूच म्हणाला, “घट्ट धर गं. घाबरू नकोस.”

इतक्या मायेनं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. “मला म्हणालात?”

“तुला कशाला? तू चालतेयस ना!”

वर पोचताच तिनं पार्सलं तोलायच्या जमिनीतल्या काट्याकडे बोट दाखवलं. “घ्या स्कूटर यावर. बघूच द्या मला.”

स्कूटर साठ किलोंची होती, नवरा सत्तरचा. ती दोन पावलं मागे सरली आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबली.

एकशे एक्क्याऐंशी किलो.