दुपारचे फोन

तुलाराम घरी असला की त्याच्या घरातला फोन वाजत असे. तो घरी नसताना फोन सात महिन्यांत एकदाही वाजला नव्हता.

फोन घरातल्या फळीवरच राही, कारण आधीचा गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात पडून गेला होता. तुलाराम पहाटे पत्र्याचा लहान डोंगा, एका माणसापुरती होडी, डोक्यावर घेऊन मासे धरायला जाई, दुपारी परते आणि डोंगा निथळायला अंगणाच्या टोकाला, कडुलिंबाला टेकवून उभा करी. मग नागपूरहून ममताचा, लेकीचा, फोन येई. "माय काय करते?" ती विचारी. "आहे बरी," तुलाराम सांगे.

तुलारामच्या बायकोने, रेवताबाईने, दुकानदाराकडून फोन तपासून घेतला. त्याच्या दुकानात तो सकाळीही नीट वाजला. शेवटी शेजारच्या सत्यभामाबाईचे म्हणणे तेवढे उरले. "लेक बापालेच फोन करते. तिच्या लग्नात तू काय बोलली, आठव." रेवताबाईला सगळे आठवत होते. म्हणून फोन वाजला की ती नवऱ्याला हाक मारी. स्वतः हात लावत नसे.

मंगळवारी तुलाराम मच्छीमार संस्थेच्या बैठकीसाठी बसने पवनीला गेला. नऊ वाजता फोन वाजला.

"तुये बाबा घरी नाहीत," रेवताबाई म्हणाली.

"मालूम आहे मले. बाबा पाण्यावर असतेत तेव्हाच लावते मी, रोज नऊ वाजता. तुयासंगंच बोलाचं असते. रोज ती बाई सांगते, संपर्काच्या बाहेर. मंग दुपारी बाबाले लावते."

रेवताबाईला काहीच उमजेना. तेवढ्यात तुलारामसारखाच मासे धरणारा कवडू अंगणात आला. "वैनी, भाऊ नाही तं आज डोंगा मी नेतो," म्हणत त्याने तो डोक्यावर घेतला.

"माय, मले सातवा लागला. बाबाले कसं सांगू? बाळंतपणाले तुयाजवळ..."

आवाज तुटला. फोनच्या पडद्यावरच्या रेंजच्या रेघा गेल्या होत्या.

"कवडू, डोंगा होता तिथं ठेव."

त्याने ठेवला. रेघा आल्या.

"आता उचल."

रेघा गेल्या. तिसऱ्या खेपेला कवडू वैतागला. "नेवाचा का नाही, एकदाचं सांगा वैनी. मान आहे ही माही, खुंटा नाही."

"ठेव. अन् आज हात नको लावू त्याले."

डोंगा झाडाला टेकला आणि फोन पुन्हा वाजला.

टॉवर घरामागच्या टेकाडाआड होता. त्याच्या लहरी घरात सरळ पोचत नव्हत्या. अंगणाच्या टोकावरून मात्र टॉवरचा शेंडा दिसे. तिथे उभ्या असलेल्या पत्र्यावर आदळून त्या मागे फिरत आणि दारातून आत येत. डोंगा पाण्यावर गेला की ही वाट बंद होई, आणि ममताने आईसाठी लावलेला प्रत्येक फोन त्याच वेळचा होता.