तोंडात काय आहे

तोंडात : काही नाही.

उज्वलाने वेदिकाच्या गळ्यातला दोरा काढून घेतला. दोऱ्याला बोटाएवढा निळा रबरी तुकडा, दातांनी खडबडीत झालेला. थेरपीच्या बाईंनी दिलेला. तोंडाला काम असलं की हिचं अंग शांत राहतं, त्या म्हणाल्या होत्या. उज्वलाने तो कपाटात साड्यांखाली सरकवला. तसं कर म्हणून तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"पाहुणे गेले की देते हं."

मग नेहमीचा प्रश्न. सात वर्षांच्या वेदिकाला उत्तर येतं असा तो एकच होता. कितीतरी महिने घोटून घेतलेला.

"कोणाची गं तू?"

"आईची." उज्वलाने शिकवताना लावला होता, अगदी त्याच सुरात.

उज्वलाने आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

तोंडात : फ्रॉकची कॉलर.

हॉलमध्ये नणंद स्नेहा चहा देत होती. मुलगा रेल्वेत, माणसं मनमाडची. मुलाची आई छायाबाई सोफ्यावर ऐसपैस बसल्या होत्या.

"आमच्याकडे नळाला पाणी आलं की त्या दिवशी दिवाळी," त्या स्नेहाला म्हणाल्या. "आधीच सांगते बाई. नंतर फसवलं म्हणशील."

सगळे हसले. उज्वलाच्या सासूबाई, चांगुणाबाई, जरा जास्तच हसल्या.

आतलं दार उघडलं. वेदिका आली. फ्रॉक छातीपर्यंत ओला. कोणाकडे न बघता ती सरळ सोफ्यापाशी गेली.

तोंडात : छायाबाईंचा पदर.

जरीच्या काठासकट. मन लावून. हॉलमध्ये तेवढाच आवाज, जरीवर दात घासल्याचा.

महेशने, तिच्या बापाने, मोबाइल काढला. चांगुणाबाई बशीतल्या बिस्किटांकडे बघत राहिल्या. स्नेहाच्या हातातला ट्रे तसाच.

"ही कोण गं?" छायाबाईंनी विचारलं.

उज्वला पुढे झाली. वेदिकाच्या दातांतून पदर सोडवला. आणि बारीकसं हसली.

"शेजारच्यांची आहे. येते कधीकधी."

महेश मोबाइलवर बोट फिरवत राहिला.

छायाबाईंनी ओला पदर मांडीवर पसरला. "असू दे की. लेकरू आहे. माझ्या बहिणीचा नातू असाच आहे. काहीही चावतो. त्याची आई गळ्यात काहीतरी अडकवून देते त्याला, खास चावायचं. मग बघा कसा गुणी बसतो. हिच्या आईला सांगाल?"

"सांगते," उज्वला म्हणाली.

तोंडात : स्वतःचं मनगट.

निघताना छायाबाई उंबऱ्यात थांबल्या. "मुलगी आम्हाला पसंत आहे. आडपडदा न ठेवणारी माणसं बरी वाटतात."

लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. चांगुणाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. तिथूनच, मागे न वळता, म्हणाल्या, "ते सगळं झालं. पण आता लग्नात हिला कुठं ठेवायची?"

"वहिनी," स्नेहा म्हणाली, "मी म्हटलं होतं का तुला असं सांग म्हणून?"

उज्वला कपाटापाशी होती. साड्या खाली पडत होत्या.

तोंडात : निळा तुकडा.

वेदिकाच्या मनगटावर दातांचं लाल कडं उमटलं होतं. उज्वलाने दोरा तिच्या गळ्यात घातला. वेदिकाने तुकडा दाढेखाली धरला. हळूहळू तिचे खांदे खाली आले.

उज्वला तिच्यासमोर फरशीवर बसली. हॉलमध्ये ऐकू जाणार नाही, इतक्या हळू विचारलं.

"कोणाची गं तू?"

वेदिकाने तुकडा तोंडातून काढला.

आधी बारीकसं हसली. मग म्हणाली,

"शेजारच्यांची आहे. येते कधीकधी."