चारने भाग जाणारा पत्ता

अर्शियाने पाठवलेला प्रोग्राममधला बदल जोतीरामने तिसऱ्यांदा परत पाठवला. शेऱ्यात लिहिलं, 'गरज नाही.'

दोन मिनिटांत ती स्वतःच त्याच्या टेबलाशी आली.

"सर, नुसतं 'गरज नाही' काय? कुठली ओळ चुकली ते तरी लिहा."

"एक बी चुकलेली न्हाई. पण चालतंय त्याला हात कशाला लावायचा?"

"चालत नाही म्हणूनच लावलाय."

माधवनगरच्या त्या शेडमध्ये विहिरीच्या मोटरीचे स्टार्टर बनत. मिस कॉल दिला की मोटर चालू, पुन्हा दिला की बंद. एका स्टार्टरला दोन नंबर जोडता येत, नंबर एक मालकाचा आणि नंबर दोन घरातल्या कोणाचा. कोणी कधी कॉल दिला याची यादी आतल्या फ्लॅश मेमरीत राही. ती यादी वाचणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, जोतीरामने लिहिला होता, सैन्यातल्या सिग्नल विभागातून निवृत्त होऊन आल्यावर. सहा वर्षं तोच चालू होता.

अर्शियाने कोरा कागद ओढला आणि चौकोन काढले.

"यादीतले नंबर आपण मेमरीतल्या एका तात्पुरत्या जागेत, बफरमध्ये घेतो. त्या बफरच्या पत्त्याला चारने भाग जायला पाहिजे. नाही गेला, तर जुनी चिप तक्रार करत नाही. त्याच्या मागचा, चारने भाग जाणारा पत्ता धरते आणि तिथून भरत सुटते. वेळा स्वतंत्र वाचल्या जातात, त्या बरोबर असतात. नंबर तेवढे सरकतात. या कॉलसमोर पुढच्या कॉलचा नंबर दिसतो."

"आन् सहा वर्षांत कुणाला दिसलं न्हाई?"

"आटपाडीच्या धुळा मामांना दिसलं. ते सोलापूरला व्याह्याकडे जेवत होते, आणि यादी म्हणते मोटर त्यांनीच लावली."

"धुळा मामास्नी सकाळचं दुपारी आठवत न्हाई." जोतीराम वैतागला. "माणूस इसरतो, अर्शिया. मशीन खोटं बोलत न्हाई."

"सर, फोन कोणाला लावला?"

"कुणाला न्हाई." मग त्याने हातातल्या फोनकडे पाहिलं. साडेअकरा झाले होते. गावाकडे शेतीची वीज यायची वेळ. "सवयीनं घरची मोटर लागली वाटतं."

ती हसली. तो हसला नाही.

"हा जुना स्टार्टर द्या मला," तिने टेबलाच्या कोपऱ्यातल्या गंजलेल्या डब्याकडे बोट केलं. "त्यात तीच चिप आहे. माझा बदल घालून दाखवते."

"त्याला हात लावायचा न्हाई."

तेवढ्यात दारात आकाराम येऊन उभा राहिला. जोतीरामचा धाकटा भाऊ. हातात लग्नपत्रिका होती. तीन वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

"दादा, राजेश्वरीचं लगीन हाय. रविवारी, रहिमतपुरात. चुलता आल्याबिगर बोहल्यावर चढत न्हाई म्हणतीया पोरगी."

"ठिव तिथं."

"येणार का न्हाई तेवढं सांगा."

अर्शिया उठायला लागली. "बस," जोतीराम म्हणाला. "हे आटोपलंच." मग भावाकडे वळला. "वायरीचा जोड उघडा हाय, सकाळी तुझी वैनी, संयोगिता, टेप लावणार हाय, हे आदल्या राती जेवताना झालं व्हतं का न्हाई बोलणं?"

"झालं व्हतं."

"घरात सगळ्यांस्नी म्हाईत व्हतं. तरी मोटर लावलीस. मी सांगलीच्या एस्टीत, आन् तू हितं मोटर लावलीस."

"आवं, म्या बंद कराया लावला फोन! वैनी पडलेली दिसली म्हणून लावला. किती डाव सांगू? तवा माझा फोन बी दावला तुमास्नी."

"फोनमधलं पुसता येतं. सा बेचाळीसला चालू, सा एकोणपन्नासला बंद. दोन्हीसमोर नंबर दोन. एक माझा, दोन तुझा. चालू बी तूच, बंद बी तूच. कागद हाय माझ्याजवळ."

आकारामने पत्रिका टेबलावर ठेवली. हळदीकुंकवाचं बोट वर येईल अशी नीट फिरवून ठेवली.

"मग कागदालाच धरून बसा, दादा. पोरीला काय सांगू ते म्या बघतो."

तो गेला. बाहेर त्याची मोटरसायकल दोन-तीन किकांनी चालू झाली.

अर्शियाची नजर त्या गंजलेल्या डब्यावर होती. तेही जोतीरामला सहन होईना. सकाळपासून जो तो त्याच्या यादीवर उठला होता. तो डबा त्याने तिच्याकडे सरकवला. घरच्या विहिरीवरून काढून आणल्यापासून दुसऱ्या कोणाचा हात त्याला लागला नव्हता.

"घे. घाल तुझा बदल. एकदाचं मिटू दे. यादी तीच आली, तर परत माझ्या टेबलाशी यायचं न्हाई."

"आणि वेगळी आली तर?"

"येत न्हाई."

तिने केबल जोडली. नवा ड्रायव्हर चढायला मिनिटभर लागलं. जोतीरामने पाकिटातून जुना छापील कागद काढला. घड्यांवर तो फाटत आला होता. संयोगिताच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने तो छापून घेतला होता, आणि पुढची तीन वर्षं जवळ बाळगला होता.

यादी पडद्यावर आली, नवीन नोंद वर, जुनी खाली. त्याने कागद पडद्याला टेकवून धरला आणि ती तारीख शोधली.

६:४९. बंद. नंबर दोन.

कागदावरही तेच होतं. "बघ," तो अर्शियाला म्हणाला, आणि बोट खालच्या ओळीवर आणलं.

६:४२. चालू. नंबर एक.