उसनं प्रोफाइल

ब्राउझरमध्ये वर्षानुवर्षांच्या कुकीज, म्हणजे काय वाचलं-शोधलं त्याच्या खुणा असतील, तरच दवाखाना माणसाला खरं मानायचा. वासंतीबाईंनी तर जन्मात फोन हातात धरला नव्हता. त्यांची लेक मृदुला मात्र इंटरनेटवर खोटी माणसं पोसायची. तिचा प्रोग्राम चारशे प्रोफाइलं उघडून दिवसभर कुकीज गोळा करी. आईला धाप लागली तेव्हा तिनं त्यातल्याच एका म्हातारीचं प्रोफाइल आईला चिकटवलं. दवाखान्याचं दार उघडलं.

तासाभरानं नर्स म्हणाली, "इन्सुलिन दिलंय, ताई."

"अहो, आईला शुगर नाहीये! रक्त तपासलंत का?"

"रक्त कोण तपासतंय आता? पाच वर्षं रोज शुगरबद्दलच वाचतायत त्या."

प्रोफाइल खरं वाटावं म्हणून मृदुलानंच तो आजार भरला होता.

आई संध्याकाळी गेली. प्रोग्रामनं मात्र तिच्या नावानं नेमानं शोधलं : इन्सुलिननंतर काय खावं?