गळ्यातलं बदक

शुक्रवार उजाडला तरी ते प्लॅस्टिकचं पिवळं बदक केतकीच्याच गळ्यात होतं. इंग्लंडमधल्या त्या उन्हाळी शाळेत जो मातृभाषेत बोलेल त्याच्या गळ्यात बदक, आणि पुढचा सापडेपर्यंत ते तिथंच. शुक्रवारचं जेवण संपताना बदक ज्याच्याकडे, त्यानं शनिवारी समुद्रावर न जाता सगळ्यांची भांडी घासायची.

इटलीचा मात्तेओ, जपानची हारुका, सगळे तोंडाला कुलूप लावून फिरत. केतकी मात्र दारात बोट चेमटलं की "आई गं" म्हणायचीच. सांगलीहून विमानानं येऊन भांडी घासायची म्हणजे कहरच!

जेवताना ती उठली आणि थेट मुख्य बाईंसमोर उभी राहिली.

"मॅडम, तुमची मातृभाषा कोणती?"

"अर्थात इंग्रजी," बाई ऐटीत म्हणाल्या.

"मग सकाळपासून तुम्ही तीच बोलताय." केतकीनं बदक काढून अदबीनं बाईंच्या गळ्यात घातलं.

पोरं खिदळली. बाईंनी भिंतीवरचा, स्वतःच्याच सहीचा नियम दोनदा वाचला. मग जेवण संपेपर्यंत त्या मीठसुद्धा खुणेनंच मागत राहिल्या.