आमटी गार होईल इतकं लांब

"आईंच्या आमटीचा डबा पोचेपर्यंत गार झाला पाहिजे, इतकं लांब घर बघ," सूनबाई माझ्या मुलाच्या कानात कुजबुजली. मी पाठमोरी बसून कोथिंबीर निवडत होते. हात गुंतलेले होते, कान मोकळे होते.

ठाणं जवळ पडलं, डोंबिवलीसुद्धा. शेवटी बदलापूर ठरलं. "तिथली हवा फार छान आहे, आई," मुलगा नजर चुकवत म्हणाला. मी दोघांना भरभरून आशीर्वाद दिले.

नव्या घरातल्या पहिल्याच रविवारी मी त्यांची बेल वाजवली. सूनबाईने माझ्या साध्या स्टीलच्या डब्याचं झाकण काढलं आणि तिचा चष्मा वाफेने धुरकटला.

"आई, अजून इतकी गरम?"

"खालच्याच मजल्यावरून आणली," मी म्हणाले. "तिथला फ्लॅट भाड्याने घेतलाय मी. इथली हवा फार छान आहे म्हणे."